कादंबरीतले प्रेम आणि घरातला सातबारा

वाचक भगिनींनो, आणि बायकांचे पान म्हणून वरवर नाक मुरडून तेच सगळ्यात आधी वाचणाऱ्या बंधूंनो, आज एक सरळ प्रश्न विचारते. तुमच्या घरात प्रेमाची कादंबरी आहे का? असली तर ती कुठे ठेवलेली असते?

पोथी देवळीत असते. पोरांची शाळेची पुस्तके फळीवर असतात. कारखान्याच्या पावत्या, सोसायटीचे पासबुक ट्रंकेत असते. कादंबरी मात्र गोधड्यांच्या घडीत, नाहीतर पिठाच्या डब्यामागे. माझे माहेर कऱ्हाडजवळचे, सासर वाळवा तालुक्यातले. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत ही जागा काही बदललेली दिसली नाही. दुपारी भांडी घासून झाली, म्हशीला वैरण टाकली, की पदराआड पुस्तक धरून मागच्या सोप्यात बसायचे आणि दारात चप्पल वाजली की ते उशाखाली सारायचे. दारू लपवावी तसे आपण पुस्तक लपवतो.

का लपवतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. "असली पुस्तकं वाचून पोरी बिघडतात." हे वाक्य मी आजोबांच्या तोंडून ऐकले, सासऱ्यांच्या तोंडून ऐकले आणि परवा एका पदवीधर बाईच्या तोंडूनही ऐकले. पोरी बिघडतात म्हणजे नेमके काय होते, हे विचारले की मात्र कोणी धड सांगत नाही. पोरगी पळून गेली तर कादंबरीने नेली म्हणतात. आमच्या आळीतली पळून गेली ती अक्षरशत्रू होती, तिचा दोष कुणाच्या पुस्तकावर घालायचा?

गंमत अशी, की मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात, ती 'यमुनापर्यटन' बालविधवांच्या हालअपेष्टांवर लिहिलेली आहे. बेळगावच्या बाबा पदमनजींनी ती १८५७ साली काढली. यमुना नवऱ्याबरोबर हिंडते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते, पुढे स्वतःच विधवा होते आणि शेवटी तिचे पुन्हा लग्न होते. लेखक ख्रिस्ती झालेले, त्यामुळे पुस्तकात धर्माचा प्रचार उघड आहे आणि आज ते वाचायला जडही जाते. पण बघा, आपल्या भाषेत कादंबरी जन्माला आली तीच मोडलेला संसार पुन्हा मांडता येतो का, हा प्रश्न घेऊन आली. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १८५६ मध्ये झाला होता.

त्याच जुलै महिन्यात कऱ्हाडजवळच्या टेंभूत गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आता टेंभू म्हटले की लोकांना उपसा योजना आठवते, कडेगाव-आटपाडीच्या माळावर गेलेले कृष्णेचे पाणी आठवते. आम्ही शाळेत होतो तेव्हा टेंभू म्हणजे आगरकर. गुरुजी सांगायचे, या गरीब घरच्या पोराने 'सुधारक' काढला आणि बालविवाह नको, केशवपन नको, मुलामुलींनी समजत्या वयात एकमेकांना पसंत करून लग्न करावे, असे छापून लिहिले. चाळीशीही गाठली नाही, १८९५ सालीच गेले. प्रेमविवाह हे सिनेमाने आणलेले खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा टेंभूला जाऊन यावे.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. शेतकरी समाजात पुष्कळ ठिकाणी विधवेचे दुसरे लग्न पूर्वीपासून होत होते. त्याला पाट म्हणत, कुठे मोहतूर म्हणत. पण पाट रात्री लागायचा, वाजंत्री नाही, मांडव नाही. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे. पुढे ज्या घरांना आपले कूळ मोठे वाटू लागले, त्यांनी पाट बंद केला आणि त्यालाच सुधारणा समजले. म्हणजे वरचे लोक विधवेचे लग्न लावायला शिकत होते, तेव्हा आपले लोक ते मोडायला शिकत होते! हे पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

आता माझ्या वाचनाकडे वळते. मी सातवीत असताना मामाच्या घरी पहिल्यांदा खांडेकर हातात पडले. वि. स. खांडेकर आपल्या सांगलीचे. १८९८ साली तिथे जन्मले, कोकणात शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली, पुढे कोल्हापूरला राहिले आणि १९७६ साली मिरजेत वारले. 'ययाति'ला १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला, मराठीला मिळालेला तो पहिला. पण आमच्या बायकांत 'ययाति'पेक्षा 'अमृतवेल' जास्त फिरली. ती १९६७ ची. नंदाचे लग्न ठरलेले असते आणि तो शेखर विमानाच्या अपघातात जातो. पोरीला जगणे नकोसे होते. तिचे वडील तिला समजावतात, मग ती एका मैत्रिणीच्या सोबतीला विलासपूरला जाते. पुढचे सांगत नाही, वाचा. खांडेकरांची भाषा फार अलंकारिक, एका वाक्यात चार उपमा. आज ते थोडे गोड जास्त झाल्यासारखे वाटते. पण पहिले प्रेम मातीत गेल्यावर माणसाने उरलेले आयुष्य कशावर काढायचे, हा प्रश्न त्यांनी शेतातल्या बाईपर्यंत आणून पोचवला, हे खरे.

दुसरे आमच्याच तालुक्याचे, वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. शाळेत दीड दिवस गेलेला माणूस आणि तीसच्या वर कादंबऱ्या. 'फकिरा' सगळ्यांना माहीत असते. त्यांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या बायका जास्त वाचत, हे कोणी लिहीत नाही. 'वैजयंता', 'आवडी', 'चित्रा', 'अलगूज'. 'अलगूज'वर 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' हा सिनेमा निघाला, १९७४ साली. अण्णाभाऊंच्या नायिकेला वारणेच्या काठचा वास असतो. ती रडते, पण रडत बसत नाही. खांडेकरांच्या नायिका डायरी लिहितात, अण्णाभाऊंच्या कमरेला पदर खोचतात. मला दोन्ही लागतात. श्रावणात खांडेकर, सुगीत अण्णाभाऊ.

मग एसटी स्टँडवरच्या दुकानातली पुस्तके. बाबा कदम, चंद्रकांत काकोडकर आणि बायकांनी लिहिलेल्यांत सुमती क्षेत्रमाडे. क्षेत्रमाडे बाई डॉक्टर होत्या, त्यांची 'महाश्वेता' आमच्या आळीत इतकी फिरली की शेवटी तिला कव्हरच राहिले नाही. काकोडकरांचे नाव घेतले की मोठी माणसे कपाळाला आठ्या घालतात. त्यांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला होता. पहिले प्रेम हातचे गेलेल्या एका कवी-मास्तराची ती गोष्ट, 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली सोडून दिले. पुस्तक अश्लील नाही, असा निकाल दिला. त्याच साली काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून निघालेला 'दो रास्ते' टुरिंग टॉकीजमध्ये लागला, की सगळे गाव, आठ्या घालणाऱ्यांसकट, रांगेत उभे असायचे. दिल्लीच्या न्यायाधीशांनी जे वाचून सोडले, ते आपल्या घरातला म्हातारा न वाचता जाळायला निघतो.

एवढी बाजू घेतली, आता माझी तक्रारही ऐका. पन्नास वर्षे प्रेमाच्या कादंबऱ्या वाचल्यावर माझ्या असे ध्यानात आले, की त्यांत जमीन नसते. निसर्ग असतो, डोंगर, चांदणे, रातराणी, सगळे असते. पण गट नंबर नसतो. नायकाच्या अंगाला शेणाचा वास येत नाही. नायिका विधवा असली तर ती बहुतेक बिनलेकराची असते, म्हणजे लेखकाची सोय होते. तिची सासू असते ती खाष्ट असते, आणि खाष्ट का आहे हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या संसाराच्या आड काय येते, तर तिचे स्वतःचे मन, नाहीतर लोकनिंदा. आमच्या घरात आड आला तो सातबारा.

ते सांगते. नावे सांगत नाही, माणसे आपल्या जागी आहेत.

माझी सगळ्यात धाकटी जाऊ. आमचे भावजी २००९ च्या पावसाळ्यात रात्रीची लाईट आली म्हणून विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि शॉक लागून गेले. जाऊ तेव्हा एकोणतीस वर्षांची, पदरात सहा वर्षांचा मुलगा. पहिले वर्ष कसे गेले ते लिहीत नाही, ज्या घरात असे झाले आहे त्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अक्का, तुमच्या त्या पुस्तकांतलं एखादं द्या की. डोळं मिटलं की तेच दिसतंय."

आमच्या गावात लहानसे वाचनालय आहे, ड वर्गाचे. मी तिथली सभासद. माझ्या नावावर तिला पुस्तके आणून देऊ लागले. मोठ्या नणंदेने मला बाजूला घेऊन विचारले, "तिला कशाला असली पुस्तकं देतीस? तिच्या नशिबातलं ते संपलंय, उगं खपली काढायची." गावातल्या दोघीचौघी हेच म्हणाल्या. त्यांचे म्हणणे असे, की तिला द्यायचे तर हरिपाठ द्यावा. मी म्हटले, हरिपाठ ती रोज म्हणतेच, तो काही मी थांबवलेला नाही.

ती वाचायची ते हळू. एक पुस्तक महिनाभर. एकदा ज्वारी निवडता निवडता मला म्हणाली, "अक्का, ह्या पुस्तकातल्या बायांचं एक बरं असतंय. त्यांना कोणतरी इचारतं तरी, तुझ्या मनात काय हाय म्हणून."

भगिनींनो, मी तिच्याकडे बघतच राहिले. नवरा गेल्यापासून तिच्याबद्दल घरात किती बोलणी झाली होती! ती माहेरी जाईल का, पोराला कुठल्या शाळेत घालायचे, तिच्या हातात पैसे द्यायचे का, बांगड्या कोणत्या घालायच्या. सगळी बोलणी तिच्यासमोर आणि तिला वगळून. प्रेमाच्या कादंबरीतले चांदणे, गजरे, पत्रे ती सगळी वरची कलाकुसर आहे. आत एवढेच असते, की कोणीतरी बाईला विचारते, तुला काय पाहिजे? आणि उत्तर येईपर्यंत थांबते. मग त्या दिवशी मीच विचारले. ती लगेच काही बोलली नाही. आठ दिवसांनी बोलली.

२०१२ साली खटाव तालुक्यातून एक स्थळ आले. बायको वारलेला माणूस, एक मुलगी, हायस्कुलात शिपाई आणि थोडे जिरायती रान. तिने हो म्हटले. आणि मग घरात जे झाले ते कुठल्या कादंबरीत मी वाचलेले नाही. माझी तयारी होती, की लोक काय म्हणतील, घराण्याची अब्रू, असले बोलणे निघेल. ते निघाले, पण दोन दिवसांतच संपले. तिसऱ्या दिवशी खरी गोष्ट बाहेर आली. भावजींच्या वाटणीचे अडीच एकर रान. पाण्याखालचे, उसाचे.

भावजी गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद झाली होती. आई, बायको आणि मुलगा, तिघांची नावे लागली होती. मुलगा अज्ञान म्हणून त्याच्या नावापुढे अ.पा.क. आई. आता ही लग्न करून गेली की तिचे नाव कमी होणार, असे सगळेच धरून चालले होते. चुलत दीर तर म्हणाले, हक्कसोड करून दे आणि खुशाल जा. काही लोकांनी असेही पसरवले, की दुसरे लग्न करणाऱ्या बाईला कायद्यानेच काही मिळत नाही.

मालक आणि मी तिला घेऊन तालुक्याला वकिलाकडे गेलो. त्यांनी जे सांगितले ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण गावोगाव यावर चुकीचे बोलले जाते. १८५६ च्या त्या जुन्या कायद्यात विधवेने पुन्हा लग्न केले, की मेलेल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा तिचा हक्क जाईल, असे कलमच होते. लोकांच्या डोक्यात अजून तेच बसले आहे. पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर चित्र बदलले. नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या हिश्शात त्याची आई, बायको, मुलगे आणि मुली सारख्या वाट्याने वारस होतात. बायकोला मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा होतो आणि नंतर तिने लग्न केले म्हणून तो परत घेता येत नाही. तो जुना कायदा १९८३ साली रद्दही झाला. अज्ञान मुलाचा हिस्सा तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्या आईलाही विकता येत नाही. म्हणजे एका माणसाच्या मरणाने जे हक्क उभे राहिले, ते त्याच्या बायकोच्या दुसऱ्या लग्नाने मोडत नाहीत. तुमच्या घरात किंवा शेजारात असा प्रसंग असेल, तर कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी वकिलाला विचारा. हक्कसोड एकदा नोंदवली, की मग रडून उपयोग नाही.

घरी आल्यावर मालकांनी सासूबाईंना सगळे समजावून सांगितले. आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पोरगं तिकडं जाणार, रानाचं नाव तिकडं जाणार. मग माझ्या ल्योकाचं हितं काय ऱ्हायलं?"

यावर कोणाकडे उत्तर नव्हते. कादंबरीत असती तर ही सासू खलनायिका झाली असती. खरे तर तिच्या मुलाची शेवटची खूण म्हणजे ते रान होते. त्याने लावलेला बांधावरचा आंबा त्या रानात होता. तिने त्या सुनेचे नाव टाकले, ती पुन्हा कधी बोलली नाही. लग्न झाले तरी बोलली नाही, नातू सुट्टीला आला की त्याच्याशी बोलायची, त्याच्या आईशी नाही. २०१८ साली ती वारली. तेव्हा कळले, की दोन वर्षे आधीच तिने पुतण्याला घेऊन तालुक्याला जाऊन मृत्युपत्र नोंदवले होते. आपला तिसरा हिस्सा नातवाच्या नावे.

लग्नाचीही एक गोष्ट आहे. मध्यस्थ म्हणाला, दुसरेपणाचे लग्न, संध्याकाळी देवळात चार माणसांत उरकून टाकू. जाऊ तेव्हा एकदाच आवाज चढवून बोलली. "रातचं न्हाई. दिवसा करा. आणि हलगी लावा." तिच्या आजीचा पाट रात्री लागला होता आणि म्हातारी मरेपर्यंत पाटाची म्हणूनच ओळखली गेली होती. ते हिला माहीत होते. भर दुपारी बारा वाजता लग्न लागले, हलगी वाजली, आणि उन्हाने माझे डोके दुखले.

पुढे ती सुखी झाली का, हे तुम्ही विचारणार. कादंबरीतली नायिका गरिबीतून बंगल्यात जाते. आमची बागायतीतून जिरायतीत गेली. इथे बारमाही पाट, तिथे काही उन्हाळ्यांत प्यायला टँकर. ऊस सोडून ज्वारी-मटकी आली. तिचे इथले रान मालक करतात. बिल आले, की खर्च वजा जाता तिचा आणि मुलाचा वाटा बँकेत जातो. यावरूनही कधीतरी कुरबुर होते. खताचे दर वाढले, तोड लांबली, की दोन्हीकडची तोंडे आखडतात. होणारच. पण ती तिकडे गेल्यावर पहिल्यांदा भेटली तेव्हा मी विचारले, कसा आहे माणूस? म्हणाली, "पुस्तकातल्यावानी काय न्हाई अक्का. पण सकाळी उठून च्या करतोय. आणि मला इचारतोय, साखर किती घालू."

तिच्या घरी मी गेले तेव्हा जे पाहिले, ते मात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले. एक आमच्या भावजींचा, एक त्या माणसाच्या पहिल्या बायकोचा. दोन्ही फोटोंना सारखे हार. पितृपक्षात त्या घरात दोघांच्या नावाने दोन पाने वाढतात. मुलगी भावजींच्या पानावर भात वाढते आणि आमचा पुतण्या त्या बाईच्या. प्रेमाच्या गोष्टीत नेहमी असे असते, की पहिले प्रेम विसरले तरच दुसरे खरे. नाहीतर पहिले इतके थोर, की दुसऱ्याला जागाच नाही. खटाव तालुक्यातल्या पत्र्याच्या घरात या दोन माणसांनी चौघांचा संसार मांडला आहे. लेखकांपैकी कोणी तिकडे जाऊन बघायला पाहिजे होते.

आता गावोगाव थोडे बदलते आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसेच करावे, असे सांगितले. ठराव कागदावर होतो आणि उंबऱ्याच्या आत काय चालते ते उंबऱ्यालाच माहीत. पण बांगड्या न फोडण्याबरोबर तिच्या नावची वारसनोंद महिन्याभरात झाली का, हेही ग्रामसभेने विचारावे, असे मला वाटते. बांगड्या स्वस्त असतात हो, रान स्वस्त नसते.

माझी नात कादंबरी मोबाईलवर वाचते. प्रतिलिपी की काय त्यावर रोज एकेक भाग येतो. मी डोकावून पाहिले. नायक कुठल्यातरी कंपनीचा मालक, भयंकर रागीट, नायिका त्याच्याकडे नोकरीला आणि लग्न आधी कराराचे, प्रेम नंतर. पुढचा भाग येईपर्यंत पोरगी जेवायची नाही. मी तिला म्हटले, एवढा शंभर भाग रागावणारा माणूस आपल्या गोठ्यात असता, तर पहिल्याच दिवशी म्हशीने लाथ घातली असती. ती हसली. पण मी तिचा मोबाईल हिसकावून घेतला नाही आणि घेणार नाही. नवरा शेतकरी नको म्हणणाऱ्या पोरी आणि लग्न होत नाही म्हणून बाशिंग बांधून सोलापूरला कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेणारे पोरगे, तो २०२२ सालचा मोर्चा तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, यांना जोडणारी एखादी बरी प्रेमकथा आज लिहायला हवी. ज्यात नायक ठिबकची नळी जोडत असेल आणि नायिका त्याला विचारेल, बिल कोणाच्या खात्यावर येते?

आपल्या भागात वाचायची सोय नाही, असे मात्र म्हणू नका. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली, तेव्हा माझ्यासारख्या खेडवळ बाईलाही घरातले कोणी गेल्यासारखे झाले होते. पण महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. लोकांच्या घरांत, देवळात कपाटे लावली आहेत, जाऊन बसायचे आणि वाचायचे, पैसे नाहीत. इकडे कृष्णाकाठी पलूस तालुक्यात अंकलखोपही पुस्तकांचे गाव म्हणून निवडले गेले. आणि कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावने तर २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायची रीत घातली. पोरांच्या अभ्यासासाठी ते केले, पण त्या दीड तासात आयाही काहीतरी वाचत असतील, अशी मला आशा आहे. उघड्यावर बसून, पदराआड न धरता.

आमच्या वाचनालयाची 'अमृतवेल' जाऊबाईंनी गेल्या दिवाळीत नेली ती अजून आलेली नाही. फोन केला तर म्हणाली, तिकडच्या चार बायकांत फिरते आहे, शेवटच्या बाईचे अजून निम्मे राहिले आहे. ग्रंथपाल मला दर आठवड्याला आठवण करतात. दंड माझ्या नावावर चढतो आहे.